वाचकांचे प्रश्न : परावर्ती दुर्बीण कोकणच्या अंगणात

दिवाळी सरली आणि आकाश निवळले की या सदराकडे दुर्बिणींविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांपैकी चार पत्रे किनारपट्टीवरच्या वाचकांची आहेत. चौघांच्याही दुर्बिणी नवशिक्यांच्या आहेत आणि चौघांच्याही अडचणी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकाच अंकात देत आहे.

प्रश्न : मुलीच्या दहावीच्या निकालानंतर ११४ मिमी व्यासाची आणि ९०० मिमी नाभीय अंतराची परावर्ती दुर्बीण घरपोच मागवली. सोबत २५, १० आणि ४ मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगे) आणि दुप्पट करणारी बार्लो भिंग आली. खोक्यावर ‘४५० पट’ असे छापले आहे. प्रत्यक्षात गुरू म्हणजे पांढुरका, फुगलेला गोळा दिसतो, चंद्र सतत थरथरतो आणि बाकी काही सापडतच नाही. ही दुर्बीण विकून २०० मिमीची घ्यावी काय? – एक पालक, देवगड

उत्तर : कृपया विकू नका. आपल्याकडे जी दुर्बीण आहे ती नवशिक्यासाठी चांगल्यापैकी निवड आहे, आणि आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ आरशाच्या आकारात नसून मांडणीत आहे.

आधी त्या ४५० आकड्याचा विचार करू. दुर्बीण किती पट मोठे दाखवते हे काढण्यासाठी मुख्य आरशाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचे असते. त्या हिशोबाने आपला २५ मिमीचा आयपीस ३६ पट, १० मिमीचा ९० पट आणि ४ मिमीचा २२५ पट मोठे दाखवतो. ४ मिमीच्या आयपीसला बार्लो जोडली की ४५० हा आकडा मिळतो. परंतु आरशाच्या व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे गेले की चित्र फक्त ताणले जाते, त्यात नवा तपशील येत नाही. आपल्या आरशासाठी ही मर्यादा २२८ पटींची आहे, आणि तीही हवा अगदी स्थिर असलेल्या रात्रीच गाठता येते. शिवाय ४५० पटींना आकाशाचा जो तुकडा दिसतो तो चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नसतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह त्यातून वीस-बावीस सेकंदांत निसटून जातो. आपल्याला काही सापडत नाही त्याचे कारण हेच आहे. पहिले दोन महिने बार्लो आणि ४ मिमीचा आयपीस खोक्यातच राहू द्या. प्रत्येक वस्तू २५ मिमीच्या आयपीसने शोधावी, मध्यावर आणावी आणि मगच १० मिमीचा लावावा. गुरूचे दोन ठळक पट्टे आणि चार चंद्र ९० पटींना व्यवस्थित दिसतात, आणि शनीचे कडेही दिसते. मात्र मार्च २०२५ मध्ये ते आपल्याला कडेवरून दिसत होते आणि आता हळूहळू उघडत आहे, त्यामुळे पुस्तकातल्या चित्राइतके रुंद कडे दिसायला अजून काही वर्षे जावी लागतील.

दुसरे काम शोधक दुर्बिणीचे, म्हणजे मोठ्या नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचे. ती मोठ्या नळीशी समांतर झाली नसेल तर आकाशात काहीही सापडणार नाही, आणि ही जुळणी रात्री करण्याचा आग्रह धरणारे बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. ती दिवसा करावी. आपल्या गावात किल्ल्यावरचे दीपगृह आहे. त्याचा माथा २५ मिमीच्या आयपीसच्या मध्यावर आणा, माउंटचे, म्हणजे नळी धरणाऱ्या बैठकीचे स्क्रू आवळा आणि शोधकाचे छोटे स्क्रू फिरवून त्यातील फुलीही त्याच टोकावर आणा. हे सकाळी करावे, कारण संध्याकाळी सूर्य त्याच बाजूला, समुद्राकडे असतो, आणि सूर्य चुकूनसुद्धा नळीत येता कामा नये. दुर्बिणीतून किंवा शोधकातून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. काही दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची काळी सूर्यकाच येते. ती तापून तडकते, म्हणून ती मुलांच्या हाती लागण्याआधी नष्ट करावी, असे मी प्रत्येक पालकाला सांगतो.

तिसरे काम आरशांच्या जुळणीचे, ज्याला हौशी मंडळी कॉलिमेशन म्हणतात. या कामाची धास्ती फार आहे आणि ती अनाठायी आहे. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण केली, तेव्हापासून तिची रचना मुळात तीच आहे : नळीच्या तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा, तोंडाजवळ ४५ अंशांत तिरपा बसवलेला सपाट दुय्यम आरसा आणि बाजूला फोकसर, म्हणजे आयपीस बसवायची पुढे-मागे सरकणारी नळी. घाटातून खोके हिंदकळत आले की हे दोन आरसे एकमेकांकडे नीट पाहीनासे होतात, आणि मग गुरूचा पांढुरका गोळा होतो. फोकसरवर येणारे प्लास्टिकचे झाकण घ्या, त्याच्या नेमक्या मध्यावर २ मिमीचे भोक पाडा, ते पुन्हा फोकसरवर बसवा, नळीचे तोंड दिवसा उजळ भिंतीकडे करा आणि भोकातून आत पाहा. आत वर्तुळात वर्तुळ असे दिसते : सर्वांत बाहेर फोकसरची कड, तिच्या आत दुय्यम आरसा, त्यात मुख्य आरशाचे प्रतिबिंब आणि त्याला धरणाऱ्या तीन पट्ट्यांची टोके, आणि त्याच्याही आत दुय्यम आरशाची लहान काळी आकृती. दुय्यम आरशामागचे तीन बारीक स्क्रू थोडे थोडे फिरवून मुख्य आरशाच्या तिन्ही पट्ट्या सारख्या दिसतील असे करा. हे करताना नळी आडवी धरावी, म्हणजे हातातून स्क्रूड्रायव्हर निसटला तरी तो मुख्य आरशावर जाऊन आदळणार नाही. त्यानंतर नळीच्या तळाचे स्क्रू फिरवून मुख्य आरशाच्या मध्यावरची खूण आपल्या भोकाच्या प्रतिबिंबाभोवती आणावी. तशी खूण आरशावर नसेल, तर फाइलच्या कागदांच्या भोकांना चिकटवतात ती लहान कागदी कडी आरशाच्या बरोबर मध्यावर लावता येते. तो भाग दुय्यम आरशाच्या सावलीतच असल्यामुळे प्रकाश वाया जात नाही. पहिल्यांदा यात तासभर जाईल, चौथ्या-पाचव्या वेळी पाच मिनिटे पुरतील.

जुळणी साधली की नाही हे ताराच सांगतो. डोक्यावर आलेला एखादा ठळक तारा, हिवाळ्यात रोहिणी, १० मिमीच्या आयपीसच्या मध्यावर आणा आणि फोकस किंचित बिघडवा. एकात एक अशी समकेंद्री कडी दिसली तर काम झाले. कडी एका बाजूला ओढलेली दिसली तर मुख्य आरशाचे स्क्रू आणखी जरासे फिरवायचे आहेत. गेल्या हिवाळ्यात राजापूरजवळच्या एका घरी मला तारा गोल दिसण्याऐवजी चक्क त्रिकोणी दिसला. घरमालकांनी आरसा हलू नये म्हणून तिन्ही पट्ट्या करकचून आवळल्या होत्या आणि काच त्या दाबाखाली वाकली होती. पट्टी आणि आरसा यांच्यामध्ये साध्या कागदाची कड सरकेल इतक्या त्या आम्ही सैल केल्या, आणि त्याच रात्री त्याच तारकेचे नीट बिंदुरूप पाहिले. आपल्याही दुर्बिणीत हे एकदा तपासा.

थरथर ट्रायपॉडची आहे. त्याचे पाय पूर्ण बाहेर ओढू नका. आखूड ठेवा आणि खुर्चीवर बसून पाहा. तिन्ही पायांच्या मधोमध दोरीने वजन टांगा, त्यासाठी चिऱ्याचा अर्धा तुकडा पुरतो. गच्चीपेक्षा अंगणातील जमीन बरी, कारण गच्चीवर कोणी चालले तरी चित्र हलते.

२०० मिमीचा आरसा आपल्या आरशाच्या तिप्पट प्रकाश गोळा करतो, हे मान्य आहे. परंतु तो घेण्याचा विचार आपल्या मुलीने या दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ, कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका स्वतः शोधून दाखवल्यावर करावा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या दुर्बिणीचा मुख्य आरसा १५० मिमीचा आहे. पावसाळ्यानंतर झाकण काढले तेव्हा आरशावर धुळीचा थर, पांढरट डाग आणि एका कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. चष्म्याच्या फडक्याने पुसावे काय? – एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : पुसू नका. हे सर्वांत आधी लिहितो, कारण पुसण्याने झालेले नुकसान परत भरून निघत नाही. घरातल्या आरशात परावर्तक थर काचेच्या मागे असतो, दुर्बिणीच्या आरशात तो पुढे, उघडा असतो. ॲल्युमिनियमच्या या थराची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. त्यावरच्या धुळीत आपल्याकडे वाळूचे आणि मिठाचे कण असतात, आणि कोरडे फडके फिरवले की ते कण कानशीसारखे काम करतात. नुसती धूळ असेल तर ती तशीच राहू द्यावी. आरसा बराच धुळकट दिसला तरी चित्रात फारसा फरक पडत नाही. टॉर्च लावून पाहिले की कोणताही आरसा भयंकर दिसतो, त्या दर्शनाने घाबरून अनेक चांगले आरसे उगाच पुसले गेले आहेत.

आपण वर्णन केलेले धागे मात्र बुरशीचे आहेत आणि डाग बहुधा मिठाचे, त्यामुळे हा आरसा धुवायला हवा. नळीच्या तळाचे स्क्रू काढण्यापूर्वी आरशाची बैठक आणि नळी यांच्यावर पेन्सिलीने एकच रेघ ओढा, म्हणजे तो पुन्हा त्याच जागी बसवता येईल. हातातली अंगठी, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा. रबरी फुग्याने सुटी धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात. प्लास्टिकच्या टबात तळाशी जाड टॉवेल अंथरून कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाका आणि आरसा पंधरा-वीस मिनिटे त्यात बुडवून ठेवा. मग औषधाच्या दुकानातला शुद्ध कापूस पाण्यातच भिजवून आरशावर फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाने, मध्यापासून कडेकडे एकदाच ओढा आणि तो बोळा टाकून द्या. बोटाचा दाब अजिबात नको, आणि एक बोळा दुसऱ्यांदा वापरायचा नाही. आठ-दहा बोळे लागले तरी लागू द्यावेत.

शेवटचे धुणे विहिरीच्या पाण्याने करू नका. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ असते आणि ते वाळताना नवे डाग ठेवून जाते. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी बाटलीत मिळते, ते आरशावरून ओता आणि आरसा उभा तिरका टेकवून सावलीत वाळू द्या. कडेला राहिलेला थेंब टिपकागदाच्या टोकाने शोषून घ्यावा. हे सारे मुलांसमोर करा, अशी माझी विनंती आहे. परावर्तन शिकवायला याहून चांगला तास मिळणार नाही.

बुरशी निघाल्यावरही तिच्या जागी फिकट नक्षी उरली, तर तेवढा थर तिने खाल्लेला आहे. तो भाग लहान असेल तर निश्चिंत राहा. पुढेमागे आरशाचा मोठा भाग निस्तेज झालाच, तर काच टाकून द्यायची नसते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा नवा थर निर्वात यंत्रात चढवून मिळतो. १९४४ पासून चालू असलेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या जुन्या हौशी संस्था अशा बाबतीत योग्य वाट दाखवतात.

आता पुढच्या पावसाळ्याविषयी. आगोटीला आपण तांदूळ, मिरची, सुके मासे डबाबंद करतो, त्याच आठवड्यात दुर्बीणही बंद करावी. आयपीस आणि शोधक दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नळीच्या दोन्ही तोंडांवर झाकणे लावून ती मोठ्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि पिशवीत जेलच्या चार-सहा मोठ्या पुड्या टाका. रंग बदलणारे जेल घ्यावे, म्हणजे ते ओलावा पिऊन भरले की कळते. मंद आचेवर तापवले की ते पुन्हा कोरडे होते. जून ते सप्टेंबर या काळात पंधरवड्यातून एकदा ते पाहण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवावे. हिवाळ्यातसुद्धा, रात्रीचे निरीक्षण संपल्यावर नळीवर दव असताना झाकण लावू नये. पडवीत किंवा वर्गात पंख्याखाली तासभर नळी आडवी ठेवावी आणि मगच ती बंद करावी. माझ्या पाहण्यात आलेल्या बुरशी लागलेल्या आरशांपैकी बहुतेक आरशांना बुरशी पावसाळ्याने लागली नव्हती. ओल्या दुर्बिणीवर घाईने लावलेल्या झाकणानेच ती लागली होती.

प्रश्न : माझी दुर्बीण विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणाऱ्या बैठकीवर आहे. माहितीपुस्तिकेनुसार ध्रुवताऱ्याकडे अक्ष रोखायचा, पण आमच्या खळ्यातून ध्रुवतारा माडांआड जातो, आणि अक्ष खाली केला की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागतो. माउंट सदोष आहे काय? – एक वाचक, मालवण

उत्तर : माउंट सदोष नाही. अशा पुस्तिका बहुधा चाळीस-पन्नास अंश अक्षांशावरच्या देशांसाठी लिहिलेल्या असतात. मालवण १६ अंशांवर आहे, म्हणून ध्रुवताराही तेथे क्षितिजापासून १६ अंशांवरच असतो. हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम दीड मूठ, म्हणजे माडाच्या झावळ्या आणि दमट हवा यांच्यातच. अक्ष इतका आडवा झाला की वजनाचा दांडा काही दिशांना जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि उत्तरेकडच्या पायावर आपटतो. ट्रायपॉड अशा रीतीने फिरवून ठेवा की उत्तरेला पाय येण्याऐवजी दोन पायांमधली फट येईल, मग दांड्याला मोकळी जागा मिळते. त्यानंतर मात्र नळी सर्व दिशांना हळूच फिरवून माउंट कलंडत नाही ना, हे आधी पाहून घ्या.

ध्रुवतारा दिसलाच पाहिजे असे नाही. छायाचित्रे न काढता दुर्बिणीतून फक्त डोळ्यांनी पाहायचे असेल तर अक्षांशाच्या पट्टीवर १६ हा आकडा लावा आणि होकायंत्राने उत्तर धरा; कोकणात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे. होकायंत्र लोखंडी भागांपासून दूर धरावे. एवढ्या जुळणीवर ग्रह बराच वेळ मध्याजवळ राहतो, फक्त एक नॉब फिरवत राहायचा. आपल्या अक्षांशाचा फायदाही घ्या. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही, आपल्याकडे तो मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला साडेसव्वीस अंश उंच असतो. सर्वांत लांब नाभीय अंतराच्या आयपीसने तो पाहा, आणि आकाशात ढग दाटू लागण्यापूर्वी पाहा.

आणखी एक सूचना, जी आपण विचारलेली नाही. निरीक्षणासाठी सडा, म्हणजे कातळाचे पठार, मोकळा आणि काळोखी असला तरी दिवसभर तापलेला कातळ संध्याकाळनंतर कितीतरी वेळ उष्णता सोडत राहतो आणि ग्रहांची चित्रे त्यावर उकळल्यासारखी हलतात. ग्रहांसाठी मातीचे किंवा हिरवळीचे खळेच उत्तम. खारे वारे पडून मतलई वारे सुरू होईपर्यंत थांबल्यास हवेतला खारटपणाही कमी त्रास देतो. वातानुकूलित खोलीत मात्र दुर्बीण ठेवू नका. बाहेर आणताक्षणी आरशावर वाफ धरते.

प्रश्न : नातवासाठी ७६ मिमी व्यासाची, ७०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण घेतली. सोबत ‘एच २०’ आणि ‘एसआर ४’ असे दोन आयपीस आणि चित्र सुलट करणारी दीडपट नळी आहे. तिच्यात सुधारणा करायची तर कोणत्या क्रमाने करावी? – एक आजोबा, मुरूड

उत्तर : पहिला खर्च आयपीसवर करावा. ‘एच’ आणि ‘एसआर’ ही अक्षरे हॉयगेन्झ आणि रॅम्सडेन या फार जुन्या, दोन भिंगांच्या रचनांची आहेत. त्यांतून दिसणारे आकाश अरुंद असते आणि कडेला रंगांची झालर येते. ‘एसआर ४’ आपल्या दुर्बिणीत १७५ पट होतो, म्हणजे तिच्या १५२ पटींच्या मर्यादेबाहेर जातो, आणि त्याचे छिद्र इतके बारीक असते की लहान मुलाला डोळा कुठे लावायचा हेच उमगत नाही. प्लॉसल या चार भिंगांच्या रचनेचा २५ मिमीचा एक आणि १० मिमीचा एक घ्या. २८ आणि ७० पटी मिळतील, आणि आयपीस पुढच्या मोठ्या दुर्बिणीतही वापरता येतील. घेण्यापूर्वी फोकसरचे तोंड मोजा : ते ३१.७ मिमीचे, म्हणजे सव्वा इंची असावे. सुलट करणारी नळी वापरू नका, त्यात प्रकाश जातो. आकाशाला वर-खाली नसते, आणि समुद्रावरच्या होड्या उलट्या दिसण्याची नातवाला चार दिवसांत सवय होईल.

दुसरी सुधारणा जवळजवळ फुकट आहे. फोकसरच्या समोरची नळीची आतली बाजू चमकत असेल तर तेथे काळा मखमली कागद चिकटवा. चंद्राच्या आसपासची पांढरी झळ कमी होते.

तिसरी सुधारणा बैठकीची, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. या दुर्बिणींबरोबर येणारा पातळ ट्रायपॉड सोडून द्या आणि गावातल्या सुताराकडून डॉब्सन पद्धतीची पेटी करून घ्या. अमेरिकेतील जॉन डॉब्सन यांनी हीच साधी बैठक लोकप्रिय केली. पेटी १८ मिमीच्या मरीन प्लायची असावी, साधा प्लाय आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत फुगतो. पेटीच्या तळाच्या फळीला खालून सनमायका, तिच्याखाली दुसरी फळी, आणि दोहोंमध्ये तीन ठिकाणी टेफ्लॉनचे तुकडे. मध्यातून एकच बोल्ट, तोही गंज न लागणारा. नळीला दोन्ही बाजूंनी पाण्याच्या चार इंची पीव्हीसी पाइपची टोपणे बसवली की ती पेटीच्या इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचांत अलगद फिरतात. टोपणे नळीच्या तोल साधणाऱ्या जागी यायला हवीत. तो तोल आयपीस लावलेला असतानाच पाहावा, त्यासाठी नळी दोरीच्या फासात आडवी टांगून जिथे ती समतल राहील तिथे पेन्सिलीची खूण करावी. पेटीची उंची नातवाच्या डोळ्याच्या उंचीवरून ठरवा, आपल्या नव्हे. तो खुर्चीवर बसला असताना आयपीस त्याच्या नाकासमोर आला पाहिजे, आणि एका बोटाने ढकललेली नळी बोट काढताच जिथल्या तिथे थांबली पाहिजे. ती घसरत असेल तर टेफ्लॉनचे तुकडे बोल्टपासून थोडे बाहेर सरकवावेत, फार जड जात असेल तर आत.